सुनेची अक्कलदाढ

दंतवैद्याच्या बाकावर गाल धरून बसलेल्या शिंपिणीच्या कानावर शेजारच्या दोन आजीबाईंचं बोलणं पडत होतं.

“आत कोण, सून?”

“हो. अक्कलदाढ काढताहेत.”

“अगंबाई!”

“काढू देत. काढूनही उरेल एवढी अक्कल आहे तिला. आमचं शेत तिनंच वाचवलं.”

“ते खारवलेलं? विकणार होतात ना?”

“गिऱ्हाईकसुद्धा येऊन गेलं होतं. टोमॅटोचं रोप लावलं की करपलंच. पण त्याच खारात एक रानगवत हिरवंगार उभं होतं. हिनं त्याची मुळं खणून प्रयोगशाळेत नेली, त्यांच्यावरचे जिवाणू वाढवले आणि त्यात आमचं बी भिजवलं. मी म्हटलं, झालं, आता घरात रोग पाळा!”

“मग?”

“एक वाफा तिच्या बियाचा लावला. बाकी सगळं करपलं, तो मात्र नुसता लगडला.”

“जिवाणू करतात तरी काय?”

“खारं लागलं की रोप घाबरतं, आपली वाढ आपणच थांबवतं म्हणे. हे मुळांना चिकटून बसतात आणि ती भीतीच खाऊन टाकतात. बदल्यात मुळं त्यांना गोड रस पाजतात.”

“घरजावईच की!”

“जावई कसले, कामं करतात ते!”

शिंपिणीला हसू फुटलं आणि कळ थेट मस्तकात गेली.

“हे सुनेला सांगितलंत कधी?”

“तोंडावर? छे!”

दार उघडलं. सून तोंडात कापूस धरून बाहेर आली.

“ये गं, बस. आज तुला बोलता येत नाही, तेवढ्यात सांगून घेते. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलंय. यंदा सगळं शेत तुझ्या हाती. अगं, रडतेस काय? टाका उसवेल!”