साडूसाठी देव पाण्यात

...नाही, मी म्हणतो, देव पाण्यात ठेवायचे तर ठेवा, पण माझे का? माझ्या देवघरातले! मी रोज आंघोळ करून ज्याला गंध लावतो तो, दुबईला निघताना आईनं माझ्या हातात दिलेला पितळी गणपती... तो उचलला आणि ठेवला इडलीच्या पातेल्यात! वर पाणी, त्यावर झाकण. कशासाठी? तर माझा साडू निवडून यावा म्हणून! आता तुम्ही म्हणाल, साडू आमदारकीला उभा असेल, खासदारकीला असेल... छे हो! तुम्हाला सांगतो, आधी ऐकून घ्या आणि मग काय हसायचं ते हसा. अमेरिकेत एक राज्य आहे, नाव घेत नाही, ते नाव घेताना आमच्या सासूबाईंची कवळी निसटते, तर त्या राज्यात विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारा जो मोठा साहेब असतो ना, विमा नियामक, तो चक्क लोक निवडून देतात. अख्खं राज्य रांगेत उभं राहतं आणि ठरवतं, आमच्या विम्याचा साहेब कोण! विम्याच्या माणसाला मतं! अहो, विम्याच्या माणसाला लोक बसायला खुर्ची देत नाहीत. मला विचारा ना. विम्यात मीपण आहे हो!

दुबईत करामा भागात राहतो, मोटारींचे क्लेम बघतो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये कुणाचा बंपर चेपला की त्याला पहिला आठवतो तो मी. 'राजन, जरा बघ ना रे.' आणि तोच माणूस मंडळाच्या जेवणात माझ्या शेजारी जागा रिकामी दिसली की ताट घेऊन पलीकडे जातो, हा पॉलिसी गळ्यात मारेल म्हणून. मी पॉलिसी विकतच नाही, मी क्लेममध्ये आहे, पण सांगणार कुणाकुणाला? आणि हा सुयश, हा आमचा साडू, हा विम्यात आला कुठून? माझ्या सोफ्यावरून! पुण्याहून आला तेव्हा माझ्या फ्लॅटमध्ये राहिला, माझ्या ऑफिसात मी त्याला चिकटवला, प्रीमियम म्हणजे काय आणि क्लेम म्हणजे काय हे माझ्या डायनिंग टेबलावर बसून शिकला, माझ्याच वाटणीची पोळी खात. वर बायकोची धाकटी बहीण सृष्टी... ते स्थळसुद्धा मीच सुचवलं. मीच! लग्न झालं, दोन वर्षांत अमेरिका, खलास. बरं, तो वाईट आहे असं म्हणावं तर तेही नाही, दर दिवाळीला फोन करतो, 'राजनदादा, तुम्ही होतात म्हणून' म्हणतो. असल्या माणसाचा नीट राग तरी कसा करायचा?

मग आली दोन हजार आठची मंदी. मंदी एकच बरं का, इकडेही तीच आणि तिकडेही तीच. इकडे काय झालं? लोक कर्जाच्या गाड्या एअरपोर्टवर टाकून मायदेशी पळाले, आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं गेली आणि मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, 'राजन, यू आर लकी.' लकी म्हणजे काय, तर तिघांचं काम एकट्याला, पगार तोच, आणि वाढीचं विचारलं की 'इन्शाल्ला'! तिकडे काय झालं? लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, कंपन्या क्लेम देईनात, लोक चिडले, आणि आमचा सुयश त्यांच्या वतीनं कंपन्यांशी भांडायला लागला. टीव्हीवर आला. लोक म्हणाले, दोन हजार दहाच्या निवडणुकीला तूच उभा राहा. एकाच मंदीनं त्याला पुढारी केलं आणि मला तीन टेबलं दिली. बरं, मी भांडत नाही? मी रोज भांडतो! गॅरेजवाल्याशी भांडतो, गाडीवाल्याशी भांडतो... मला कुणी म्हटलं का, राजन, उभा राहा? उभा राहा म्हणतात, पण ते मेट्रोत.

आणि ऐन त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाई आल्या की हो व्हिजिट व्हिसावर. मनोरमाबाई. मला वाटलं, चला, थोरल्या जावयाकडे आल्या, चार दिवस माझं कौतुक होईल. कसलं काय! आल्या त्या लॅपटॉपसमोर बसल्या. लॅपटॉपवर सुयशचं भाषण. सासूबाईंना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, तरी दोन्ही हात हनुवटीखाली घेऊन बसायच्या, आणि भाषण संपलं की माझ्याकडे वळून म्हणायच्या, 'किती शांतपणे बोलतात हो सुयशराव. तुम्ही फोनवर केवढ्यानं ओरडता, राजनराव.' अहो, तो मतदारांशी बोलतोय! मी जबल अली बंदरातल्या ट्रक ड्रायव्हरशी बोलतोय, मागे क्रेन चालू असते! पण नाही. आमची अनुपमा, माझी बायको, सख्खी, तीही म्हणाली, 'आईचं खरंय.' आमची इरा म्हणाली, 'बाबा, हिज फेस इज ऑन अ बस.' म्हटलं, बाळा, माझाही फोटो आहे, लेबर कार्डावर. तर म्हणते, 'दॅट्स नॉट द सेम.' सेम नाही हे मला कळत नाही का?

त्यात सृष्टीनं कुरिअरनं एक पाटी पाठवली. तिकडे म्हणे लोक उमेदवाराच्या नावाची पाटी आपल्या अंगणात रोवतात. आम्हाला कुठलं अंगण? अनुपमानं ती बाल्कनीत मनीप्लांटच्या कुंडीत रोवली. निळी पाटी, त्यावर सुयशचा हसरा चेहरा आणि इंग्रजीत 'तुमचं मत सुयशला'. करामात! जिथं आम्ही कुणी कशालाच मत देत नाही! दुसऱ्या दिवशी बिल्डिंगचा वॉचमन मोहिद्दीन घाबराघुबरा होऊन वर आला. 'राजनभाय, ये बोर्ड निकालो, बलदियावाला आके फाईन मारेगा.' बलदिया म्हणजे इथली म्युनिसिपालिटी. मी म्हटलं, हबीबी, मुँह में घी-शक्कर! काढलीच लगेच. तर जाताजाता विचारतो कसा, 'लेकिन ये आदमी कौन है?' सांगितलं, साडू आहे, इन्शुरन्सच्या इलेक्शनला उभा आहे. मोहिद्दीन विचारात पडला. म्हणाला, 'इन्शुरन्स में तो आप भी है ना?' म्हटलं, 'हाँ बाबा, मैं भी है.' तर म्हणाला, 'तो आप क्यूँ नहीं खड़ा हुआ?' आता काय सांगायचं त्याला? विम्यात मीपण आहे हो, पण माझी पाटी कोण रोवणार, आणि कुठल्या कुंडीत?

तर ते देव. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी गणपती पाण्यात ठेवला, सुयश निवडून येईपर्यंत बाहेर काढायचा नाही. माझ्या बढतीच्या वेळी? सुपारी भिजवली नाही कुणी! मुलाखत देऊन आलो, 'नाही झालं' म्हणालो, तर सासूबाई फोनवर काय म्हणाल्या, 'असू दे, आहे ती टिकवा.' आणि तुम्हाला सांगतो, मला काही त्या नियामकाची खुर्ची नको होती. मला एवढंच हवं होतं, की लॅपटॉपकडे बघताना सासूबाईंचा जसा चेहरा होतो तसा एकदा, आयुष्यात एकदा, माझ्याकडे बघून व्हावा. त्यासाठी सुयश पडायला हवा होता. हो, खोटं कशाला बोलू? पडायलाच हवा होता!

आणि मंगळवारी, मतदानाच्या दिवशी सकाळी, सासूबाई मला म्हणतात, 'राजनराव, अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करा. घरात तुम्हालाच पाठ आहे.' कुणासाठी? सुयशसाठी! मी! जो पडावा म्हणून मी मनातल्या मनात दिवस मोजतोय, तो निवडून यावा म्हणून मीच घसा फोडायचा! नाही कसं म्हणणार? सोवळं नेसलो, पातेल्यासमोर पाट मांडला. सासूबाईंनी बजावलं, 'संकल्पात सुयशरावांचं नाव घ्या, गोत्र काश्यप,' दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि गेल्या नैवेद्याचे मोदक बघायला. मी हातावर पळीभर पाणी घेतलं, संकल्प म्हणायला लागलो... आणि सवय हो! इतकी वर्षं तोंडात जे बसलंय तेच बाहेर पडलं. गोत्र वत्स, नाव राजन! आणि पाणी ताम्हनात. सुटलं!

मी गारच पडलो. एकदा पाणी सोडलं की सोडलं. म्हणजे आता ही एकवीस आवर्तनं, हे मोदक, हा पातेल्यातला गणपती, सगळं माझ्या नावावर! हाक मारून सांगावं, पुन्हा करावं, असं आलं मनात, नाही असं नाही. पण त्याच्याआधी दुसरंच आलं... की राजन, एका अख्ख्या अमेरिकन राज्याची निवडणूक आत्ता तुझ्या हातात आहे. मला कधी बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करून घेता आली नाही हो! हाक काही मारली नाही. आवर्तनं मात्र अशी म्हटली, अशी खणखणीत, की सासूबाई मोदकांवरून उठून बघायला आल्या आणि अनुपमाला म्हणाल्या, 'किती मनापासून म्हणतायत गं.' मनापासूनच म्हणत होतो!

बुधवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी निकाल यायला लागले. सुयश मागे. पोहे तसेच पडलेले, अनुपमा लॅपटॉपला चिकटलेली, आणि सासूबाई... त्या रडायला लागल्या. आवाज नाही, काही नाही, नुसता पदर डोळ्यांना. आता हेच तर मला हवं होतं ना? पण बघवेना हो. त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, 'आई, माझं चुकलं. संकल्प माझ्याच नावानं सोडला मी.' अनुपमाचा माझ्याकडे बघण्याचा तो चेहरा... जाऊ द्या. सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला. मग म्हणाल्या, 'तुमच्या नावानं? म्हणजे मिळालं तर ते तुम्हाला मिळणार?' मी मान हलवली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं, मिळेल! काहीतरी मिळेल! मॅनेजरचा फोन येईल, तीनातलं एक टेबल तरी जाईल!

फोन आला. सृष्टीचा. उरलेल्या जिल्ह्यांची मोजणी झाली आणि सुयश निवडून आला!

मग काय, घरात नुसता दंगा. इरा सोफ्यावर नाचतेय, अनुपमा फोनवर रडतेय, सुयश तिकडून म्हणतोय, 'राजनदादा, तुमचा आशीर्वाद.' आशीर्वाद कसला, पार्सल आहे ते माझं! सासूबाईंनी गणपती पाण्यातून काढला, पदरानं पुसला, डोक्याला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'बघा राजनराव. नाव कुणाचंही घ्या, द्यायचं कुणाला ते देवाला बरोबर कळतं.'

ऑफिसला गेलो. तिन्ही टेबलं जागेवर होती. आता तुम्हीच सांगा, गणपती माझा, घसा माझा, नाव माझं, गोत्र माझं, आणि पदरात पडलं त्याच्या! विम्यात मीपण आहे हो, मला नियम माहीत आहेत. एकाच्या हक्काचं असं दुसऱ्यालाच देऊन टाकलं, तर रीतसर तक्रार करता येते. कुणाकडे करायची, तेही माहीत आहे. विमा नियामकाकडे!