बुवांचा हुंदका

डोंबिवलीच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गंगुबाई मोबाईल घेऊन थांबल्या होत्या. पुढे एक वयस्कर जोडपं होतं आणि काउंटरवर त्यांचा नैवेद्याच्या ताटात मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर.

"काका, मेमरी आठची आहे. सोळा करू?" दुकानदाराने विचारलं.

"बत्तीस कर. त्या नयनकडे सोळा आहे."

"ह्याच कंपनीची हवी का? दुसऱ्या कंपनीची स्वस्त पडेल. ह्याच्यात व्यवस्थित बसते, वॉरंटीपण आहे."

"नयनने कुठली घातलीय?"

"मला काय माहीत, काका!"

"अहो, त्या पोराचं काय घेऊन बसलात?"

"बुवांची कीर्तनं इतकी वर्षं रेकॉर्ड कोणी केली? मी. आणि आता बुवा म्हणतात, नयनकडे द्या, त्याचं मशीन फास्ट आहे."

कीर्तनाचं नाव निघताच गंगुबाईंनी कान टवकारले.

"मशीनचं काय?" काकू म्हणाल्या. "तुम्ही मृदंगाची एकेक थाप घासूनपुसून लख्ख करत बसता."

"मग? तो तर बुवांचा खोकलासुद्धा ठेवतो."

"ठेवतो. परवा सुदाम्याचे पोहे सांगताना बुवांना हुंदका आला, तोही ठेवलाय."

"तुला कसं कळलं?"

"पोळ्या लाटताना लावते."

"त्याचं? तू त्याचं ऐकतेस?"

"ऐकते."

"मी तो हुंदका काढून टाकला असता."

"ठाऊक आहे मला."

"काका, मग बत्तीसची टाकू ना?"

"चौसष्ट बसते का रे ह्याच्यात? कुठल्याही कंपनीची चालेल."