हुंकार

योगवर्गाच्या दाराबाहेर हजेरी लिहिणाऱ्या ताईंचं डोकं वहीत होतं, कान मात्र समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

"आजोबांचं नाव लिहू का, आजी?"

"थांबा हो. अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन महिने यांच्या तोंडातून आवाज नाही. भ्रामरी म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं ना? तेवढं तरी जमतंय का, बघू दे."

आजोबा खिडकीतल्या उन्हाकडे बघत होते.

"चाळीस वर्षं मी बोलले, तुम्ही पेपराआडून 'हूं' म्हणालात. ऐकत नव्हतात, ठाऊक होतं मला. तरी बरं वाटायचं."

आत वर्गाची भ्रामरी सुरू झाली. भिंत, बाक, ताईंच्या बोटांतलं पेन, सगळंच हळूहळू गुणगुणू लागलं. आजोबांचे डोळे मिटले.

"झोपलात? बरं, ऐका. वन्संनी नवे पडदे घेतले. आता म्हणे, त्या पडद्यांना शोभेल असं घर बघायचंय! ऐकताय ना?"

आजींनी त्यांचा खांदा हलवला.

"अहो?"

"हूं."

ताईंचं पेन थांबलं.

"काय म्हणालात?" आजी त्यांच्याकडे वाकल्या.

"हूं."

"ताई, लिहा नाव. आणि अहो, तुमचं हे 'हूं' चांगलं ओळखते मी. एक अक्षर ऐकलं नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगते."