मोहरम शनिवारी, सुट्टी शुक्रवारी

...आता तुमीच सांगा, सरकारनं मोहरमची सुट्टी देल्ली शुक्रवारी, अन् आमच्या गावचे पीर उठनार शनिवारी, तं त्या सुट्टीचं मी काय लोनचं घालू? दिवसभर नोकरीच्या गावी, बेल्लमपल्लीच्या खोलीत पंख्याखाली पडलो, दोनदा चहा केला, एकदा भांडे घासले, झाली सुट्टी! अन् लोक म्हनतात, मास्तरायले काय, सुट्ट्याच सुट्ट्या!

तुमाले सांगतो, तामसीकडं आमचं गाव. मुसलमानाचं घर एक नाही, पन मोहरमले आख्खं गाव पिरामागं. पीर म्हंजे रंगीत कापडानं सजवलेला, काठीवरचा पितळी पंजा; मोहरमले तो उठते, म्हंजे खांद्यावर घेऊन गावभर मिरवतात. अन् त्याचा पुजारी कोन? अमृतराव! कपाळाले हे येवढं गंध, पन मोहरमचा चंद्र पाह्याचा मक्ता त्याचाच. यंदा त्याले एक दिवस उशिरा दिसला. म्हटलं, "काका, साऱ्या दुनियेले आदल्या दिवशीच दिसला!" तं म्हनते, "दुनियेचं दुनिया पाहीन. आपल्या गावात आभाळ होतं." घ्या! आता आभाळाले मेमो कोन देनार?

बरं, मोठा पीर खांद्यावर घ्याचा मान आमच्या घरचा, पनज्यापासूनचा. माहे बाबा, चंपतराव, ऐंशीचे; गुडघे गेले कामातून. शुक्रवारी मी फोनवर रडगानं गायलं, "बाबा, रजा भेटते का नाही, भरोसा नाही." बाबा म्हनले, "तू नाही आला तं भारत उचलते. अन् एकदा चुलतभावाकडं गेलेला मान वापस येते काय रे?"

शनिवारी सकाळी नऊलेच हेडमास्तरापुढं उभा. हेडमास्तर कोन? खलील सर! आता पाहा गंमत. म्हटलं, "सर, मोहरमसाठी रजा पाह्यजे." त्यायनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोहरम तो कल हो गया ना, खुशाल?"

"सर, तुमचं झालं. आमचं आज हाय."

"मियाँ, हमारा-तुम्हारा अलग है क्या?"

आता त्यायले काय सांगू, आमचा चंद्र अमृतरावच्या छपरावरून निंगते म्हनून? मुसलमान मानूस म्हनते मोहरम झाला, अन् मी, शनिवारच्या उपासाची केळं हातात धरून म्हनतो, नाही झाला! बाजूची रूपाली मॅडम हसून हसून टेबलावर आडवी! शेवटी सर म्हनले, "जाओ. लेकिन सी.एल. कटेगी. आखरी है तुम्हारी." बाकीच्या रजा बाबाच्या गुडघ्यापायी दवाखान्यातच सरल्या होत्या. म्हंजे मोहरमची सुट्टी सरकारनं देल्ली, अन् मोहरमपायीच माही शेवटची रजा गेली! अन् लोक म्हनतात, मास्तरायले काय, सुट्ट्याच सुट्ट्या!

तीन बस बदलल्या, शेवटची तं उभ्यानं, घामानं निथळत गावात पोचलो... तं गाव चिडीचूप! ना डफडं, ना उदाचा वास. बाबा ओट्यावर शेंगा फोडून राह्यले. "बाबा, भारतनं उचलला काय?"

"नाही रे बापा! तू काल येवढा रडला, म्हनून मी साऱ्या गावापुढं हात जोडले अन् पीर उद्यावर ढकलले. रविवार हाय, म्हटलं, माह्या लेकाले रजा लागनार नाही. अमृतरावनं पिराले इचारलं, पीर म्हने चालते."

"मंग मले फोन काऊन नाही केला?"

"करनारच होतो. मंग म्हटलं, आजच आला तं बरं. पिरापुढच्या जाळाचं सरपन कोन फोडनार?"

फोडलं! शेवटची रजा टाकून दोन गाड्या सरपन फोडलं! अन् लोक म्हनतात, मास्तरायले काय... जाऊ द्या.

पन रविवारी पीर खांद्यावर घेतला, बाबा काठी टेकत मागं मागं चालले, तवा खरं सांगतो, डोळ्यात पानी आलं. भारत नुसता तोंड पाहत राह्यला.

सोमवारी सुजलेला खांदा घेऊन शाळेत गेलो, तं दारातच खलील सर. "हो गया मोहरम?"

मान खाली घातली, म्हटलं, "हो गया सर... रविवारी. सुट्टीच्या दिवशी."