कोचच्या घराशेजारी

—ती किल्ली नाही लागायची त्या कुलपाला, बापाक, कितीही फिरवलीत तरी. क्लबवाल्यांनी तुम्हाला पुढच्या दाराची दिलीय, आणि पुढचं दार फुगलंय पावसानं, कोच सुबेक्ती होते तेव्हापासूनच. मागून जावं लागतं, माझ्या न्हाणीच्या कडेनं. पण बसा आधी. या बाकावर बसा. नमाज सुटायला अर्धा तास आहे अजून, तोवर गल्लीत एक पुरुष दिसायचा नाही – आणि तेच बघून आलात ना तुम्ही? शुक्रवारची दुपार. तुम्ही चर्चवाले, तुम्हाला शुक्रवार मोकळा. नाही, मी काही विचारत नाहीये. कोण, कुठले, कशाला आलात, एक शब्द विचारणार नाही. टोपी मात्र काढा, उकडतंय, आणि टोपीनं काही लपत नाही. बावीस वर्षांपूर्वी आमच्याच मैदानावर तुम्ही आम्हाला दोन गोल मारले होते, बापाक यूलियुस, दुसरा डोक्यानं. आमचे हे दोन दिवस जेवले नव्हते. तो चेहरा मी विसरेन होय?

घ्या, चहा घ्या. साखर जास्त आहे, जावामधे आमच्या इथं अशीच पितात, साखर कारखान्याचं गाव आहे. तर घर – घर चांगलंय. मी शेजारी राहते म्हणून सांगत नाही, पण चार वर्षांत सात कोच राहून गेले त्या घरात, आणि पाण्याची तक्रार एकानंही केली नाही. सात म्हटलं की वाईट वाटतं ऐकायला, पण त्यातला एक तर आजारीच पडला, आणि एकाला बायकोनं परत बोलावलं, म्हणजे खरे पाचच धरा. मागं फणसाचं झाड आहे. डास आहेत, पण डास कुठं नाहीत? आणि गल्ली प्रेमळ आहे. म्हणजे – प्रेमळ आहे.

तुमचं नाव टपरीवर कुणी घेतलेलं नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगते, मनाची तयारी असू द्या. समोर त्या बाईची, बू तुमीनीची कॉफीची टपरी आहे ना, निळ्या ताडपत्रीची, तिथं सकाळी सहापासून एकच विषय. कोण येणार. पंक्चरवाला दार्माजी म्हणतो ब्राझीलचा येणार, त्याच्या भाच्यानं फोनवर बघितलंय. शाळेतले गुरुजी म्हणतात, ब्राझीलचा कशाला येतोय आपल्याकडे, आपण खालून दुसरे, त्यापेक्षा आपल्या जुन्या कोचला, म्हाताऱ्या हार्सोनोला उठवा. मग दार्माजी म्हणतो, गुरुजी, हार्सोनोला उठवायला आधी त्याला डायलिसिसच्या खाटेवरून उतरवावं लागेल. मग भांडण. गेल्या सोमवारी तर स्टेशनावर एक उंच गोरा माणूस उतरला, हातात बॅग, तर रिक्षावाल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, गळ्यात आपल्या संघाचा काळा रुमाल घातला, फोटो काढले, कुणी रडलं. तो बिचारा हसत होता आणि हात हलवत होता. कारखान्याचा बॉयलर दुरुस्त करायला आलेला हॉलंडचा इंजिनीअर निघाला. अजून आहे तो इथंच, रोज रुमाल घालून फिरतो. आता काहीजण म्हणतात, यालाच करा कोच, निदान खूश तरी आहे.

हसलात. हसा. पण हसण्यासारखं नाहीये ते, बापाक. सहा सामने राहिलेत. काळे रेडे म्हणतात आमच्या संघाला, आणि एकोणीस वर्षं ते वरच्या गटात आहेत. खालच्या गटात ढकलले गेले तर क्लब बंद करणार असं कारखानामालक बोललाय, हसत बोलला, पण बोलला. आणि कोच कुणी यायला तयार नाही. तिघांनी नाही म्हटलं, हे मला ठाऊक आहे कारण तिघंही घर बघायला आले होते. एकजण तर गाडीतून उतरलाच नाही.

का म्हणजे? का यायला तयार नाही? तुम्ही ऐकलंच असेल की काहीतरी. आधीच्या कोचबरोबर, सुबेक्तींबरोबर लोक वाईट वागले. पण लोक म्हणजे काय, गावात एक बातमी उठली आणि – बातमी कशी उठते, हवेत उठते. कुणीतरी काहीतरी बघतं, कुणीतरी बोलतं. ते करांगसारीला जाणार अशी उठली. करांगसारी म्हणजे शेजारचं गाव, त्यांचा नि आमचा संघ समोरासमोर आला की पोलिसांच्या चार गाड्या लागतात. तिथं जाणार, करार झालाय, म्हणून आपल्या पोरांना मुद्दाम हरवतोय. संध्याकाळी पन्नास-साठ मोटारसायकली या गल्लीत, भोंगे वाजवत. सुबेक्ती बाहेर आले, लुंगीवर होते, म्हणाले, मी कुठं जात नाहीये, कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी सांगितलं, हेच विचारत होते सारखे. मी माझ्या खिडकीत होते. पडदा होता.

चहा गार होतोय.

आमचे हे एकतीस वर्षं स्टेडियमच्या पूर्वेच्या बाजूला ढोल वाजवतात. कारखान्यातून निवृत्त झाले पण ढोलातून नाही झाले. सुबेक्ती त्यांचे फार आवडते. सकाळी कुंपणावरून दोघांचं बोलणं चालायचं, चार-चार-दोन का चार-तीन-तीन, मला वाटायचं भाजीचे भाव सांगतायत एकमेकांना. आणि त्या बातमीनंतरच्या रविवारी ह्यांनीच, बापाक, ह्याच माणसानं, ढोल पालथा घातला आणि मैदानाकडे पाठ करून बसले. सगळी पूर्वेची बाजू पाठ करून बसली. चार हजार पाठी. खेळाडूंनी वर बघितलं आणि त्यांना साधा पास जमेना. चार-शून्य, घरच्या मैदानावर. मंगळवारी सुबेक्तींना जायला सांगितलं. जाताना त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, कुंपणावरून. ह्यांनी त्या दिवसापासून –

ह्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. आज सतरा दिवस. पिंजऱ्यातल्या होल्याशी बोलतात. आमटीत मीठ जास्त झालं की होल्याला सांगतात, आज कुणाचा तरी हात सैल सुटलाय रे बाबा. आजारी वाटलं तर होल्याला सांगतात, रात्री छातीत दुखत होतं. आणि मी चुलीपाशी उभी राहून ऐकायचं. मी होल्यालाच उत्तर देऊन बघितलं एकदा. उठून गेले.

माझ्याशी का? म्हणजे माझा काय संबंध? बरोबर आहे तुमचं. मी – हे बघा, तुम्ही इथं राहणार, शेजार होणार आपला, तर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी फक्त भाजीवाल्याला बोलले. एवढंच. गुरुवारी पहाटे मी अंगण झाडत होते, मी काही डोकावत नव्हते, अंगण तिकडच्याच बाजूला आहे, तर सुबेक्तींची बायको, बू विदारी, गाडीत सामान ठेवत होती. काय सामान? तुम्हीच सांगा मला तुम्ही काय समजला असतात. कोरा झाडू. गुंडाळलेली चटई. कंदील. मातीची सुरई पाण्यानं भरलेली, तोंडाला केळीचं पान बांधून. डब्यात तांदूळ आणि वर एक उशी. तुमच्या आईनंही नव्या घरात शिरताना आधी ह्याच वस्तू नेल्या असतील, चर्चवाल्या असल्या तरी. जावामधे सगळ्यांच्याच घरी नेतात. झाडू, चटई, दिवा, पाणी, तांदूळ, उशी – हे गाडीत चढलं म्हणजे माणूस बिऱ्हाड हलवतोय. दुसरा अर्थच नाही. मी विचारलं तिला, कुठं गं एवढ्या सकाळी? ती म्हणाली, करांगसारीला जाऊन येते, बू पार्ती. हसून म्हणाली. मला वाटलं, हसून सांगतेय म्हणजे लपवतेय.

आणि मग सहा वाजता भाजीवाला आला. त्यानं विचारलं, आज शेजारीण नाही का घ्यायला? आता माणसानं विचारल्यावर गप्प बसायचं?

बहिणीचं घर होतं. विदारीच्या धाकट्या बहिणीनं करांगसारीत नवं घर बांधलं, तिच्या वास्तूसाठी थोरलीनं त्या वस्तू न्यायच्या, एवढंच. आई नाही ना त्यांना.

नंतर कळलं. नंतरच कळतं ना सगळं.

तुम्ही असे बघू नका, बापाक. उठू नका, बसा. नंतर म्हणजे – बरं. माझ्या तोंडून निघतंय तर निघू दे. नंतर म्हणजे फार नंतर नाही. त्याच रात्री. मोटारसायकली जाऊन तास झाला असेल, विदारी माझ्या मागच्या दारात उभी. डोळे सुजलेले. हातात खोका, वास्तूच्या प्रसादाच्या जेवणाचा. पिवळा भात, कोंबडीचा तुकडा, अंडं, सोयाबीनचे तळलेले टेंपे, शेवया. म्हणाली, बहिणीकडून तुमच्यासाठी आणलाय, गडबडीत विसरलेच होते. पोराबाळांना कुणी दगड मारू नये म्हणून दिवे बंद करून बसली होती घरात, आणि माझा खोका द्यायला अंधारातून आली. तिला ठाऊक नव्हतं कुणी सांगितलं ते. वर चिठ्ठी होती, छापील – अमुक कुटुंबाच्या नव्या घराच्या निमित्तानं, तारीख, गाव करांगसारी.

गुरुवारी रात्री मला समजलं, आणि सामना रविवारी होता.

शुक्रवार होता मधे. शनिवार होता. मी टपरीवर जाऊन ती चिठ्ठी दाखवायची, एवढंच करायचं होतं. दार्माजीनं मोठ्यानं वाचून दाखवली असती. पण मग विचारलं असतं ना सगळ्यांनी, मग बातमी आणली कुणी? आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी या गल्लीत बेचाळीस वर्षं आहे, लग्न ठरायचं असेल तर मला विचारतात पोरगी कशी आहे. मला वाटलं, सामना जिंकतील. जिंकले की विसरतात लोक. खरंच वाटलं. चिठ्ठी तांदळाच्या डब्याखाली सरकवली आणि तो भात – खाल्ला मी तो भात. टाकवत नाही प्रसाद. तिनं हातानं आणलेला.

मंगळवारी सुबेक्तींचा ट्रक गेला आणि त्याच संध्याकाळी ह्यांनी मुंग्या झाल्या म्हणून तांदळाचा डबा उचलला. चिठ्ठी वाचली. तारीख दोनदा वाचली. मला एवढंच म्हणाले, तुला गुरुवारीच माहीत होतं. बस. तेच शेवटचं. कुणाला सांगितलं नाही त्यांनी, टपरीवर एक अक्षर नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवस बायांनी टोमणे मारले असते आणि संपलं असतं. हे असं – मी भात वाढते, ते जेवतात, ताट स्वतः धुतात. सतरा दिवसांत माझ्या हातून एक पेला घेतला नाही.

म्हणून म्हणते, या हो तुम्ही. सही करा. नवा कोच आला, दोन सामने जिंकले की ह्यांचा ढोल माळ्यावरून खाली येईल, आणि ढोल वाजवणारा माणूस किती दिवस गप्प बसेल? मी तुम्हाला रोज जेवण देईन. माझ्या स्वयंपाकघराची जी खिडकी तुमच्या अंगणावर उघडते ना, ती मी विटा लावून बुजवते, गवंडी शेजारीच आहे. पहाटे झाडायला मी उठणारच नाही. तुमच्या घरातून नवरीची वरात निघाली तरी मी बघणार नाही, शप्पथ घेते. तुमच्या बायकोनं सगळं घर गाडीत भरलं तरी माझ्या तोंडून –

टोपी घालताय.

नाही, समजलं मला. मीच सांगितलं, मीच. तुम्ही घराचं ऐकायला बसलात आणि मी तुम्हाला हे ऐकवलं. अशा गल्लीत बायकापोरं कोण आणेल, तुमच्या जागी मी असते तर – पण विचार करा. नाही म्हणालेला नाहीत तुम्ही अजून. हो म्हणालेला नाहीत, तेही खरं. काय म्हणालात? नाही सांगणार. कुणालाच नाही. तुम्ही आलाच नव्हतात. तुमच्या मनात काय आहे ते क्लबालाही कळायला नको आत्ता, बरं. जा, जा लवकर, मशिदीचा भोंगा थांबला बघा, नमाज सुटली. खालच्या रस्त्यानं घ्या गाडी, टपरीवरून नका नेऊ.

…

चपला तिथंच काढा, आत्ताच पुसलंय – काय?

काय विचारलंत?

मला विचारलंत? होला तर आत आहे. मला विचारलंत तुम्ही.

थांबा, हातातलं खाली ठेवते. गाडी? हो, होती ना एक गाडी. करडी. बाहेरगावची असेल, मी नंबर नाही बघितला. त्या घरापाशी थांबली होती, हो. दोन पेले दिसतायत, हो, चहा दिला मी, उन्हातनं आलेला माणूस. उंच होता का? बेताचा. असे पुढं होऊन बघू नका हो माझ्याकडे, सतरा दिवसांत पहिल्यांदा बघताय आणि असं – टपरीवर कुणी काही म्हणालं का? दार्माजी? त्याला काय दिसतंय एवढ्या लांबून.

कुणी नाही हो. खरंच कुणी नाही. पत्ता चुकला होता त्याचा. बसा, वाढते.