न विकायचा रेनकोट

दुकानदार – हा नका घेऊ काका. हा दिसायला छान, पण खिंडीत वारा सुटला की याचा काही उपयोग नाही.

बाबा – मग तो मागचा दाखवा. हँगरला लावलेला.

दुकानदार – तो एक नंबर माल आहे. शिवणींना आतून टेप, गळ्यापाशी दुहेरी पट्टी, पाणी आत जायचं नाव नाही... म्हणजे, पण तुमच्यासाठी नको. जड आहे.

बाबा – हातात तर द्या. हा जड?

दुकानदार – आत्ता कोरडा आहे ना. भिजला की वजन वाढतं.

बाबा – भिजून वजन वाढत असेल तर तो रेनकोट कसला? टॉवेल झाला.

लेक – बाबा, ते रोज हेच विकतात. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल.

बाबा – म्हणून तर त्यांना विचारतोय. बरं, तो पोंचो काढा. हिच्या आईसाठी मागच्या महिन्यात तसलाच घेतलाय. पाठीवरच्या पिशवीवरून सरळ खाली येतो.

दुकानदार – हां, पायी यात्रेला निम्मे लोक हाच नेतात. डोक्यातून घातला की तुम्ही झाकलात, बॅग झाकली, बाजूने हवा खेळते, घाम नाही. खरं सांगू का, याच्यासारखं दुसरं... तुम्हाला नाही चालणार पण.

बाबा – मला काय झालंय?

दुकानदार – पायात येतो. उतारावर एकदा का पाय अडकला...

बाबा – हिच्या आईच्या पायात नाही येत, आणि ती माझ्या खांद्याला लागते.

लेक – आपण नंतर येऊ या का? दुसरीकडेही बघू. घाई काय आहे?

बाबा – परवा पहाटे सगळे निघणार, आणि घाई काय म्हणतेस? मालक, मी आयुष्यभर कापडाच्या दुकानात उभा होतो. नको तो माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे पुष्कळ पाहिले. आपलाच माल गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घेणारे तुम्ही पहिले.

दुकानदार – तसं नाही काका. तुमच्या भल्याचं सांगतोय. त्या खिंडीची चढण भल्याभल्यांना रडवते. त्यात पाऊस. आणि तुमची तर छाती उघडलेली, वर्षही नाही झालं अजून...

बाबा – माझी छाती?

दुकानदार – म्हणजे, या वयात सगळ्यांनाच जरा...

बाबा – नाही, उघडलेली म्हणालात तुम्ही. शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलीत मी. एक टाका बाहेरून दिसत नाही. ठके, यांना कोणी सांगितलं?

लेक – बाबा, बाहेर जाऊन बोलू या.

बाबा – इथेच बोल. कोणी सांगितलं?

लेक – मी. सकाळी फोन केला होता यांना.

बाबा – काय म्हणून?

लेक – की आम्ही येऊ तेव्हा कुठलाच कोट पसंत पडू देऊ नका. कोट नाही तर यात्रा नाही, असं तुम्हीच म्हणाला होता.

दुकानदार – मी चहा सांगतो तुम्हाला. कमी साखरेचा.

बाबा – थांबा, कुठे जाऊ नका. साखरेचंही सांगितलंय वाटतं तुम्हाला. वा. पाळण्यात होतीस तेव्हापासून लाडाने ठकी म्हणतोय. मला काय माहीत, मोठी होऊन बापालाच ठकवायला शिकशील.

लेक – मग काय करू? सरळ सांगितलेलं ऐकता का तुम्ही? मागच्या आठवड्यात दूध आणायला गेलात आणि खालच्या पायरीवर बसून राहिलात. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला.

बाबा – चपलेचा पट्टा निघाला होता.

लेक – दोन्ही चपलांचा? मला सांगायला लागलात पट्ट्याचं. पहिल्यांदा जिन्यात कोसळलात तेव्हा घरात कोण होतं? मी होते. आई बाजारात होती. तुमचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि तुम्ही तेव्हाही म्हणत होता, काही नाही, जरा बसतो. जरा बसतो. तेच आता डोंगरात म्हणाल. पावसात. तिथे ना जिना, ना शेजारी, ना मी.

बाबा – डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

लेक – बागेत, बाबा. बागेत चालायला सांगितलंय.

बाबा – मालक, हा बांधा. हाच, हँगरचा. जड असू दे नाहीतर गळका असू दे.

लेक – नका बांधू.

बाबा – गिऱ्हाईक मी आहे.

दुकानदार – मला यात ओढू नका काका, हात जोडतो.

बाबा – ओढलं कोणी? तुमचे तुम्हीच उतरलात की. आणि ठके, तू ऐक. तुझ्या आईने नवस बोलला तो माझ्यासाठी. मी आत ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला, ती बाहेर बाकावर. हा माणूस वाचला तर तुझ्या दारी पायी येईन म्हणाली. वाचलो मी, आणि चालणार ती. या पावसात तिने तीन आठवडे चिखल तुडवायचा, परक्या ठिकाणी जमिनीवर झोपायचं, आणि ज्याच्या जिवासाठी हे सगळं, त्याने घरी पंख्याखाली बसून बातम्या बघायच्या? तू बघशील का अशा बापाकडे?

लेक – बघेन. निदान बघायला तरी असाल.

बाबा – आईला माहीत आहे हे? हा फोन वगैरे?

लेक – नाही. माझीच कल्पना.

बाबा – लाव तिला फोन.

लेक – ती आत्ता चालायच्या सरावाला गेली असेल. तिला कशाला...

बाबा – चालता चालता बोलेल. लाव. तिलाही कळू दे तिची मुलगी काय करते ते. स्पीकरवर ठेव.

(लेकीने फोन लावून रेनकोटांच्या ढिगावर ठेवला आहे.)

आई – हां, बोल. घेतला नाही ना त्यांनी?

बाबा – नाही घेतला.

आई – तुम्ही आहात होय.

बाबा – मीच. पोरगी बिचारी सगळं स्वतःच्या अंगावर घेत होती.

लेक – आई, दुकानदारांच्या तोंडून निसटलं.

आई – निसटलं तर निसटलं. हो, मीच सांगितलं तिला. ती नको म्हणत होती.

बाबा – मला समोर सांगायचं होतंस.

आई – समोर सांगून झालं. जेवताना सांगितलं, डॉक्टरांच्या पुढ्यात सांगितलं. तुम्ही दर वेळी बघू म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी नवे बूट घेऊन आलात.

बाबा – मग दुकानदाराला पढवायचं? परक्या माणसाला? मी इथे कोट अंगाला लावून बघतोय, आरशापुढे उभा राहतोय, आणि सगळ्यांना माहीत आहे की याला काही मिळायचं नाही. लहान मूल आहे का मी?

आई – नाही. ते चुकलं. तेवढं चुकलं माझं. पण तुम्ही यायचं नाही, यात काही चुकलेलं नाही.

बाबा – नवस माझ्या नावाचा आहे.

आई – तुम्ही जगावं म्हणून बोलले मी. तुम्ही चालावं म्हणून नाही.

बाबा – मी तुझ्या मागे मागे येईन. तुझ्या चालण्याच्या आड येणार नाही. दम लागला तर मागून येत राहीन.

आई – आणि मी पुढे जाईन? तुम्हाला मागे ठेवून? काय बोलताय कळतंय का? ऐका आता. तुम्ही बरोबर असलात तर मला रस्ता दिसायचा नाही. देवही दिसायचा नाही. मी तुमच्या ओठांकडे बघत चालेन, निळे पडतायत का म्हणून. रात्री तुमच्या नाकाशी हात धरून बसेन. दवाखान्यात तेच केलं मी. काचेतून तुमची छाती वर-खाली होते का ते बघत राहिले, डोळ्याला डोळा नाही लावला. घरी आणल्यावरही तेच. अजून तेच करते, तुम्हाला वाटतं मी झोपलेली आहे. मला तीन आठवडे पुढे बघून चालायचंय हो. पावसात, उन्हात, कसंही. पण पुढे बघून. आहात ना?

बाबा – आहे. हे आधी नाही बोललीस कधी.

आई – कसं बोलणार? तुम्ही मला बरोबर नको आहात, असं म्हणावं लागलं असतं. लग्न झाल्यापासून तसं कधी म्हटलं नाही. म्हणून डॉक्टरांचं नाव पुढे केलं, मग पोरीचं, मग त्या दुकानदारांचं.

बाबा – दुकानदार इथेच आहेत. ऐकतायत.

आई – ऐकू दे. भाऊ, तुम्हाला उगाच गोत्यात आणलं.

दुकानदार – नाही नाही वहिनी. मलाच नीट नाही जमलं. माल चांगला असला की तोंडातून जातंच.

बाबा – आणि मी काय करायचं? त्याचं बोल. तू खिंडीत जाशील तेव्हा फोन लागणार नाही. बाहेर पाऊस पडत असेल आणि मी खिडकीत. तू तिकडे पुढे बघून चाल, ठीक आहे. मग तू काचेतून बघत बसायचीस ते आता मी बघत बसायचं. मला तर छाती वर-खाली होतानाही दिसणार नाही तुझी.

लेक – मी राहीन ना तुमच्याजवळ, बाबा.

बाबा – तुझ्याजवळ राहायचं नाहीये मला. रागावू नकोस. पण नाहीये.

लेक – नाही रागावत.

दुकानदार – मी मध्ये बोलू का? चालणाऱ्यांच्या घरची खूप माणसं बसने पुढे जातात. डोंगराला वळसा घालून मोठा रस्ता आहे. खिंड उतरल्यावर जे पहिलं गाव लागतं तिथे जाऊन थांबतात. धर्मशाळा आहे, दवाखाना आहे, फोन लागतो. आमच्या घरून माझी चुलती चालते, चुलते दर वेळी तिथे जातात.

बाबा – मघापासून खोटं सांगत होता. आता हे खरं कशावरून?

दुकानदार – हे सांगायला मला कोणी फोन केला नव्हता.

लेक – आई, तू हसतेस का?

आई – नाही. श्वास घ्यायला थांबले. बसने जायचं तरी एकटे कसे जाणार?

लेक – मी सोडीन त्यांना. त्या दिवसांची रजा काढते. आजच सांगून ठेवते ऑफिसात.

आई – औषधं?

लेक – माझ्या पर्समध्ये राहतील. त्यांच्या नाही.

बाबा – मी इथेच उभा आहे बरं का. माझ्याशी बोललात तरी चालेल.

आई – बरं, तुमच्याशी बोलते. खिंड उतरेपर्यंत मला तुमचा विचार करायचा नाही. एकदाही नाही. जमेल तुम्हाला तसं घरी राहायला? पायऱ्यांवर बसून न राहता?

बाबा – पायऱ्यांचं तुलाही सांगितलं का त्या काकूंनी?

आई – जमेल का?

बाबा – जमवतो. आणि मग? खिंडीनंतर?

आई – खिंडीनंतर त्या गावी भेटा. गरम पाणी असेल असं बघा. माझे पाय सुजलेले असतील, तेव्हा काही बोलू नका. इतकं कशाला केलंस वगैरे तर अजिबात नको.

बाबा – नाही बोलणार. आणि पुढचा रस्ता? शेवटचा? तो सपाट आहे म्हणतात. देवळाचा कळस दिसायला लागला की तिथून तरी.

आई – ते तिथे बघू.

बाबा – बघू म्हणजे नाही ना? मीही बघूच म्हणायचो.

आई – बघू म्हणजे तुमचे ओठ बघून ठरवू. आता ठेवते. सगळ्या जणी पुढे गेल्या माझ्या.

लेक – ठेवला तिने.

बाबा – तुझे डोळे पूस. दुकानात उभी आहेस.

लेक – तुम्हीही पुसा मग.

दुकानदार – हे सगळे कोट आत ठेवू का, काका? की आता... म्हणजे, आता लागेल का तुम्हाला?

बाबा – लागेल की. ती खिंडीतून कधी उतरेल याचा काय नेम? दुपार म्हणतील, संध्याकाळ होईल. तोवर मी काय धर्मशाळेत बसून राहणार आहे? गावाच्या तोंडाशी जाऊन उभा राहीन. पावसात.

लेक – आडोशाला उभे राहाल.

बाबा – आडोशाला तू राहा. मालक, आता खरं बोला. तासन् तास नुसतं उभं राहायचं असेल तर कुठला?

दुकानदार – मग हा लांब घ्या, गुडघ्याखाली येणारा. डोंगर चढायला बेकार आहे, मी चढणाऱ्याला कधी देत नाही. पण उभ्याने कितीही पाऊस अंगावर घेतो. टोपीला पुढे कड आहे, डोळ्यांवर पाणी येत नाही. तुमच्या मापात तीन रंग आहेत. राखाडी जास्त जातो. राखाडी देऊ?

बाबा – नको. लांबून दिसेल असा द्या. ती वर असतानाच तिला दिसलं पाहिजे, मी खाली उभा आहे ते.