माळ्यावरचा ऑर्गन

रसिका हाडांच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत होती, पण तिचे कान शेजारच्या दोघींकडे लागले होते.

"लूर्डस, असल्या गुडघ्यांनी चर्चीच्या माळ्यार चढान ऑर्गन वाजवतंस?"

"चढतंय कित्याक? भाच्यान बिनवायरीचो कीबोर्ड दिल्यान. मी खाली कोपऱ्यातल्या बाकार तो मांडयेर घेतंय, शालीखाली. आवाज येता माळ्यावरच्या स्पीकरातसून."

"वायरीशिवाय सूर वर जाता कसो?"

"सूर नाय गो, निरोप जाता. खंयची पट्टी दाबलंय, कितक्या जोरान. मिडी म्हणतत तेका. सूर वर स्पीकराक जोडलेलो मोबाईल काढता, पण वाजवतंय मीच."

"लोकांका कळला?"

"खंय! पयल्या आयताराक सगळे माना वर करून बघूक लागले, नवीन कोण इलो म्हणान. फादरय बघी होते."

"आनि तू?"

"मीय वर बघलंय. म्हटलंय, कोणय असो, वाजवता मात्र बरो!"